डेअरीत टेस्टिंग मशीन आणि बँकेतून बिल: सभासदांचा विश्वास न गमावता बदल कसा करायचा?

कृष्णाकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पलूस तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेच्या संचालक मंडळातर्फे विचारतोय. दूध घालणारे सभासद २४०, दोन्ही वेळचं मिळून रोजचं संकलन साधारण १,४०० लिटर, गाय-म्हैस दोन्ही. आज दूध मापाने घेतात, फॅट गर्बरने (आम्ल घालून करायच्या चाचणीने) आणि डिग्री (दुधाचा दाटपणा) लॅक्टोमीटरने काढतात. नोंद वहीत होते, बिल दर दहा दिवसांनी रोख.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत ठराव झाला की मिल्क अ‍ॅनालायझर (दूध तपासायचं मशीन), इलेक्ट्रॉनिक काटा, कॉम्प्युटर आणि छापील पावती आणायची, शिवाय बिल थेट खात्यावर टाकायचं. सभेत सगळ्यांनी हात वर केले. आता चावडीवर मात्र ‘मशीन फॅट मारतंय’ (कमी दाखवतंय) असं मशीन यायच्या आधीच सुरू झालंय. सचिव २२ वर्षं वही सांभाळतात, ते गप्प आहेत. टेस्टर आणि मापाड्याला वाटतंय, आपलं काम गेलं. एका संचालकांचं म्हणणं, दिवाळी झाली की एका दिवसात सगळं बदलून टाकू, चार दिवस ओरडतील आणि गप्प बसतील.

मशीन कुठलं घ्यायचं हे ठरलेलं आहे. प्रश्न माणसांना सोबत कसं न्यायचं याचा आहे. क्रम काय धरावा? कुठे हमखास चुकतं?

रोखठोक

संचालक बरोबर बोलतायत. तारीख जाहीर करा, वही बंद करा, मशीन चालू करा. जुनं आणि नवं शेजारी ठेवलं की माणूस जुन्याकडेच वळतो. सहा महिने दोन्ही चालवत बसलेल्या संस्थांत शेवटी मशीनवर धूळ बसते.

लॅक्टोमीटर

रोखठोक, तारीख हवी हे मान्य, पण एका दिवसात बदल केला तर मशीनमधली चूक सभासदाच्या बिलातून बाहेर येईल. पहिल्याच बिलाला चूक निघाली की पुढचं वर्षभर कोणी ऐकत नाही.

एक उदाहरण देतो. एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) काढायची सूत्रं एकापेक्षा जास्त चालतात. एका सूत्रात डिग्रीला ४ ने भागून त्यात फॅटच्या ०.२५ पट आणि वर ०.४४ मिळवतात. दुसऱ्यात फॅटच्या ०.२१ पट आणि ०.३६. फॅट ४.० आणि डिग्री २८ धरा. पहिल्या सूत्राने एसएनएफ येतं ८.४४, दुसऱ्याने ८.२०. दूध तेच, गाय तीच, फरक ०.२४ चा. दरपत्रक ३.५ फॅट/८.५ एसएनएफला बांधलेलं असेल आणि तुमची वही एका सूत्रावर व सॉफ्टवेअर दुसऱ्यावर चालत असेल, तर सगळ्या गावाचा दर एका रात्रीत खाली येतो. त्या दिवशी ‘मशीन फॅट मारतंय’ म्हणणारा माणूस शब्दाला चुकलेला असतो, पण नुकसानीबद्दल खरंच बोलत असतो.

दुसरी जागा काट्याची. माप लिटरचं, काटा किलोचा. दुधाची घनता साधारण १.०३, म्हणजे १० लिटर दूध १०.३ किलो भरतं. सॉफ्टवेअर १.०३ ने भागून लिटर काढतं का, एकदाच भागतं का, हे बघा. काट्यातच लिटरची सेटिंग आहे आणि सॉफ्टवेअरही भागतंय, असं झालं की जवळपास ३ टक्के दूध गायब. तुमच्या १,४०० लिटरवर रोजचं सुमारे ४१ लिटर.

म्हणून काही काळ दोन्ही चालवायचंच. त्याला शेवटची तारीख मात्र आधी लिहून ठेवायची.

हिशेबनीस

+१. दोन बिलं, म्हणजे २० दिवस, त्याहून जास्त नाही. या काळात पैसे वहीप्रमाणेच द्या आणि मशीनची पावती सोबत द्या. दोन्हींतला फरक फळ्यावर लावा, सभासदाच्या नावाने नव्हे, कोड क्रमांकाने. संचालक मंडळाच्या ठरावात तीन तारखा लिहा: समांतर नोंद कधी सुरू, कधी संपणार, वही कधी बंद. आणि हेही लिहा की एकूण बिलातला फरक अमुक टक्क्यांपेक्षा जास्त निघाला तर तारीख पुढे जाईल. आकडा मंडळाने ठरवावा, पण आधी ठरवावा. नंतर ठरवलेल्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

दरपत्रक सॉफ्टवेअरमध्ये भरलं की लगेच चारही कोपऱ्यांतले दर कागदाशी ताडून बघा. चुका बहुतेक तिथेच सापडतात, कारण मधले दर फायलीतून एकदम येतात आणि कडेचे हाताने भरले जातात.

रोखठोक

२० दिवस आणि ठरावात तारीख असेल तर माझी हरकत नाही. माझा विरोध ‘बघू पुढे’ला होता.

मळ्यातली

सगळे मशीनवर बोलताय. सगळ्यात मोठा बदल बँकेतून बिल हा आहे आणि त्यावर कोणीच बोललेलं नाही.

धारा काढणारी बाई, डेअरीला किटली घेऊन येणारी बाई, दहा दिवसांनी रोख घेणारीही बहुतेक घरांत बाईच. सभासद म्हणून नाव मात्र नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं. बिल खात्यावर गेलं की पैसा तिच्या हातातून सरळ त्याच्या खात्यात. किराणा, शाळेची फी, पेंडेची उधारी हे सगळं ज्या पैशावर ती चालवत होती तोच पैसा आता तिला मागावा लागणार. ती सभेत बोलणार नाही. ती दूध दुसऱ्या डेअरीला घालेल. तुम्हाला वाटेल मशीनमुळे दूध कमी झालं.

यावर उपाय आहे. खाती गोळा करायच्या आधी घरोघरी विचारा की धारा कोण काढतं. जिथे बाई काढते तिथे तिलाच सभासद करून घ्या. नाममात्र सभासद नको, मताचा अधिकार असलेली पूर्ण सभासद. खातं तिच्या नावाचं घ्या. हे काम महिनाभराचं आहे, म्हणून मशीन लावायच्या आधी सुरू करा.

कृष्णाकाठचा

ताई, हे आमच्या डोक्यातच नव्हतं. आमच्या यादीत २४० पैकी बायकांची नावं ३१ आहेत. किटली घेऊन येणाऱ्या मोजल्या तर निम्म्याहून जास्त भरतील.

हिशेबनीस

खात्यांबद्दल जोडतो. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं बँक निष्क्रिय धरते, त्यावरचं बिल अडकतं. नाव आधारवर एक आणि पासबुकावर वेगळं, असंही असतं. म्हणून पहिल्या बिलाआधी प्रत्येक खात्यावर १ रुपया टाकून बघा. परत आलेल्या खात्यांची यादी करा आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी बँकेच्या माणसाला एक दिवस डेअरीत बसवा. संध्याकाळच्या संकलनाला बसवा, दुपारी कोणी येणार नाही.

पेंड, उचल, सोसायटीचा हप्ता या कपातींना प्रत्येक सभासदाची सही घेऊन ठेवा. रोख देताना सचिव तोंडी सांगून कापत होते, खात्यावर कमी रक्कम दिसली की तेच फसवणूक वाटतं. पावतीवर कपात वेगवेगळ्या ओळीत छापा, ‘इतर’ या नावाखाली एक रुपयाही नको.

आणि लोकांना हेही सांगा की २०२४ मध्ये शासनाने गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं तेव्हा जनावराला कानातला बिल्ला आणि आधारला जोडलेलं बँक खातं लागत होतं. नोंद नीट असण्याचा फायदा सभासदाच्या खिशात दिसायला हवा.

यंत्रदुरुस्ती

मशीनवरचा अविश्वास निम्मा तरी नीट हाताळणीने जातो. अल्ट्रासॉनिक अ‍ॅनालायझर दुधातून ध्वनिलहर पाठवून वाचन घेतो. दुधात हवेचे बुडबुडे असले की वाचन बिघडतं. धारोष्ण, फेसाळ दूध आलं की लगेच नळी बुडवू नका. किटली हलवू नका, पळीने वरखाली सावकाश ढवळा, कारण साय वर येते आणि वरून घेतलेल्या नमुन्याला फॅट जास्त, तळाच्या नमुन्याला कमी. मग नमुना थोडा स्थिर होऊ द्या.

गाय आणि म्हैस यांचं कॅलिब्रेशन (मशीनची जुळणी) वेगळं असतं. बटण चुकीचं दाबलं गेलं की फरक पडणारच. रांग मोठी असताना हेच सगळ्यात जास्त चुकतं, म्हणून जमलं तर गायीची आणि म्हशीची रांग वेगळी करा. नासकं दूध मशीनला लावू नका. प्रत्येक संकलन संपलं की कोमट पाण्याने आणि कंपनीच्या धुण्याच्या द्रावणाने फ्लश करा. हे टाळलं तर आत दुधाचा खडा धरतो आणि वाचन हळूहळू सरकत जातं. हळूहळू सरकतं म्हणूनच कोणाच्या लक्षात येत नाही.

यूपीएस आणि स्टॅबिलायझरशिवाय मशीन लावू नका. काटा वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळून शिक्का मारून घ्या आणि ते प्रमाणपत्र काट्याच्या वर भिंतीला लावा.

कराडकर

आता टेस्टर आणि मापाड्याचं बघू. ‘कोणाची नोकरी जाणार नाही’ एवढं तोंडी सांगून भीती जात नाही. उद्यापासून मी नेमकं काय करायचं, हे त्या माणसाला कळलं तर जाते.

टेस्टरचं गर्बरचं कसब टाकून देऊ नका. मशीनवर शेवटचा शब्द गर्बरचाच असतो. आठवड्यातून एकदा पाच नमुने मशीनवर घ्या आणि तेच टेस्टरने गर्बरने काढायचे: आधी आम्ल १० मिली, मग दूध १०.७५ मिली, मग अमाइल अल्कोहोल १ मिली, नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवणं, ६५ अंशांच्या पाण्यात ठेवणं, वाचन. फरक ०.१ च्या आत असला तर ठीक, बाहेर गेला तर कॅलिब्रेशनसाठी फोन. पाचही आकडे टेस्टरच्या सहीने फळ्यावर. काल जो माणूस मशीनमुळे बाजूला पडणार होता, तोच आज मशीनवर देखरेख करतो. सभासद त्याला वर्षानुवर्षं ओळखतात, त्याची सही कंपनीच्या माणसाच्या शब्दापेक्षा जड पडते.

मापाड्याला रांग, ढवळणं आणि नमुना द्या. वर यंत्रदुरुस्तींनी लिहिलंय ते सगळं त्याच्या हातावर अवलंबून आहे.

वैरणकाडी

कराडकर, आम्लाचा विषय आलाच आहे तर, हातमोजे आणि चष्मा द्या त्या टेस्टरला. जुन्या डेअऱ्यांत तो उघड्या हातानेच करतो.

शिराळी_पाऊस

सचिव गप्प आहेत ही सगळ्यात काळजीची गोष्ट वाटते. विरोध करणारा निदान बोलतो तरी.

त्यांच्याकडून काय जातंय ते आधी मंडळाने बसून लिहून काढावं. त्यांचं अक्षर हाच २२ वर्षं पुरावा होता. कोणाला अडचणीत उचल द्यायची, कोणाची कपात पुढच्या बिलावर ढकलायची, हे ते ठरवत होते. गावात त्यावर त्यांचा मान होता. कॉम्प्युटर येतो तेव्हा हे सगळं एका दमात जातं आणि त्या बदल्यात त्यांना मिळतो टायपिंगचा क्लास.

चेअरमनसाहेबांनी त्यांच्याशी एकट्याने, डेअरीत नाही तर त्यांच्या घरी जाऊन बोलावं. उचलीचा नियम त्यांनाच लिहायला सांगावा: किती लिटरवाल्याला किती, किती बिलांत फेड. त्यांच्या डोक्यातला नियम कागदावर आला की तो संस्थेचा होतो आणि त्यांचं श्रेयही राहतं. कॉम्प्युटरवर नोंदीसाठी एक तरुण मदतनीस द्या, पण बिल मंजूर करायची कळ सचिवांच्याच हातात ठेवा.

हिशेबनीस

कळ सचिवांकडे ठेवा, पण एक कुलूप मंडळाकडेही हवं. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये फॅट हाताने टाकायची सोय असते, मशीन बंद पडलं तर म्हणून. हीच फट आहे. हाताने टाकलेल्या नोंदीपुढे पावतीवर खूण छापली गेली पाहिजे आणि रोजच्या अशा नोंदींची यादी दुसऱ्या दिवशी एका संचालकाने सही करून ठेवली पाहिजे. पासवर्ड प्रत्येकाचा वेगळा. एकच पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला असला की घोटाळा कोणी केला हे कधीच कळत नाही, आणि निर्दोष माणसावरही संशय राहतो.

हे सचिवांवर अविश्वास म्हणून सांगू नका. त्यांच्या संरक्षणासाठी आहे आणि ते खरंच तसं आहे.

बदलशास्त्र

धागा मस्त चाललाय. ‘सभेत हात वर, चावडीवर वेगळं’ या मूळ प्रश्नावर एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत चांगलं मांस सैन्याला जात होतं आणि घरच्या बायकांनी काळीज, गुर्दा वगैरे शिजवावं असं सरकारला वाटत होतं. कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने काही गटांना व्याख्यान दिलं, काही गटांत फक्त चर्चा घडवली आणि शेवटी हात वर करून ठरवायला लावलं. नंतर चौकशी केली तर व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी ते पदार्थ केले होते, चर्चा करून ठरवलेल्यांपैकी ३२ टक्के.

वार्षिक सभा म्हणजे व्याख्यान. २४० जणांसमोर कोणी शंका विचारत नाही. वीस-वीसचे बारा गट करा, मळ्याप्रमाणे, वस्तीप्रमाणे. संध्याकाळी धारा झाल्यावर अर्धा तास. अर्ध्याहून जास्त वेळ त्यांना बोलू द्या. शेवटी ‘मशीन पाहिजे का’ असं विचारू नका, तो ठराव झालेला आहे. ‘पुढच्या दहा दिवसांत तुम्ही काय करणार’ असं विचारा: खात्याची प्रत देणार, मशीनची पावती वहीशी ताडून बघणार, एक नमुना गर्बरला देणार. हात त्या गोष्टीला वर करवून घ्या.

रोखठोक

बारा बैठका म्हणजे बारा ठिकाणी चहा. डेअरीचा आहे, दूध तरी घट्ट घाला. :)

विषय गंभीर आहे म्हणून विचारतो, प्रत्येक गटात एक तरी असा असतो जो सगळी बैठक खातो. त्याचं काय?

कराडकर

त्याला पडताळणी समितीत घ्या. गावातले सगळ्यात चौकस पाच जण निवडा, त्यात मशीनला उघड विरोध करणारे किमान दोन. त्यांना अधिकार द्या की कुठल्याही दिवशी येऊन एकाच किटलीतलं दूध दोन बाटल्यांत भरून वेगवेगळ्या कोडने मशीनला लावता येईल, ऑपरेटरला न सांगता. दोन्ही आकडे जुळले तर तोच माणूस गावात सांगतो. नाही जुळले तर तुम्हाला बिल निघायच्या आधी कळतं. दोन्हींत संस्थेचा फायदा आहे.

फक्त मंडळाची निवडणूक सहा महिन्यांच्या आत असेल तर हे सगळं थांबवा. मग फॅट हा पॅनेलचा मुद्दा होतो आणि आकड्यांना अर्थ राहत नाही.

वैरणकाडी

हंगामही बघा. कोवळी हिरवी वैरण वाढली की तंतू कमी पडतात आणि फॅट उतरतं. उन्हाळ्याच्या तडाख्यातही उतरतं. त्याच आठवड्यात मशीन लावलं तर दोष मशीनचा. थंडीत फॅट चांगलं असतं, गळीत हंगाम सुरू असल्याने उसाच्या वाढ्यांची वैरणही मुबलक असते. डिसेंबर उत्तम. दिवाळीच्या आधी तर अजिबात नको, बोनसाचा हिशेब आणि नवीन मशीन एकत्र आले की दोन्हींचा संशय येतो.

मळ्यातली

पावती मराठीत, मोठ्या अक्षरात. एसएमएस सुरू करताना नंबर तपासा. बऱ्याच घरांत दिलेला नंबर पुण्या-मुंबईत असलेल्या मुलाचा असतो, तो वाचतो आणि घरी सांगत नाही. डिस्प्ले ऑपरेटरकडे तोंड करून ठेवू नका, दूध घालणाऱ्याकडे तोंड हवं. आकडा पडताना तिला दिसला पाहिजे.

शिराळी_पाऊस

कृष्णाकाठाला आहात म्हणून आणखी एक. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ दोन्ही पुरांत वह्या भिजल्या. कॉम्प्युटर जमिनीलगत ठेवला तर तोही जाईल. रोज रात्री डेटाची प्रत गावाबाहेर, ऑनलाइन किंवा तालुक्याच्या ठिकाणी. आणि नियम लिहून भिंतीला लावा: सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला पोचलं की मशीन, काटा, सीपीयू सोडवून वर न्यायचे, कोण नेणार त्या दोघांची नावं. ४५ ची धोका पातळी गाठेपर्यंत थांबलात तर रस्ता राहत नाही.

कृष्णाकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मंडळ बसलं. ठरलं ते असं. आत्तापासून नोव्हेंबरअखेर धारा कोण काढतं त्याची यादी, बायकांचे सभासद अर्ज, खात्यावर १ रुपया. दिवाळीनंतर बारा गटबैठका. सचिवांकडे चेअरमन आणि मी घरी जाऊन आलो. दोन तास बोलले. उचलीचा नियम लिहायला तयार आहेत, आणि पहिला प्रश्न त्यांनीच विचारला की सॉफ्टवेअरमध्ये एसएनएफचं सूत्र कुठलं आहे. कंपनीला विचारलं तर ०.२१ आणि ०.३६ वालं निघालं, आमच्या वहीचं ०.२५ आणि ०.४४. कंपनी बदलून देतेय.

समांतर नोंद १ ते २० डिसेंबर. २१ डिसेंबरपासून वही बंद, बिल मशीनवर आणि खात्यावर.

लॅक्टोमीटर

सूत्र बदलायच्या आधी एक फोन करा. तुमची संस्था ज्या दूध संघाला दूध घालते तो कुठल्या सूत्राने घेतो ते विचारा. संघ ०.२१ वाल्याने मोजत असेल आणि तुम्ही सभासदाला ०.२५ वाल्याने पैसे देत असाल, तर मधला फरक संस्थेच्या खिशातून जातो. तसं निघालं तर सूत्र संघाचंच ठेवा, दरपत्रक त्याप्रमाणे नव्याने बांधा आणि गटबैठकीत तोच मुद्दा सगळ्यात आधी, फळ्यावर गणित मांडून सांगा.

हिशेबनीस

आणि २१ ते ३१ डिसेंबरचं बिल अकरा दिवसांचं आहे. मशीनवरचं पहिलंच बिल एका दिवसाने मोठं दिसेल आणि जानेवारीचं १ ते १० चं कमी. लोक या दोनांची तुलना करणार. पावतीवर रकमेच्या वर ‘दिवस ११’ आणि रोजची सरासरी छापून घ्या, सॉफ्टवेअरवाल्याला आत्ताच सांगा.

कृष्णाकाठचा

संघाला सकाळी फोन करतो. पावतीचा नमुना आला की इथे टाकतो, कपातीच्या ओळी तपासून द्या.